मोनालिसाला नथ, हळदणकरांचा विसर

मोनालिसाच्या नाकात नथ, डोईवर पदर, कमरेला कापूस वेचायची ओटी. असलं चित्र विदर्भातल्या फुलसावंगी गावातल्या एखाद्या मोबाइलवर येऊ द्या, बघणारा लगेच हसेल. त्यानं पॅरिस पाहिलेलं नसतं, पण बाई ओळखीची असते. चित्राचं विडंबन या ओळखीवरच उभं राहतं. मूळ चित्र ठाऊक नसेल, तर नुसती नथ दिसते.

चित्रकार मार्सेल द्युशाँनं १९१९ साली मोनालिसाच्या साध्या पोस्टकार्डावर पेन्सिलीनं मिशी आणि दाढी काढली. ज्या चित्रापुढे सगळे हात जोडतात, त्याच्यावर पेन्सिल चालली, म्हणून ती मिशी गाजली.

आता घरचं चित्र बघू. तळव्याआड दिव्याची ज्योत धरून उभी असलेली, साडीतली तरुणी. तिच्या हातात मोबाइलचा टॉर्च द्या आणि तिला मध्यरात्री कृषिपंपाच्या स्टार्टरकडे पाठवा. ओलितासाठी रात्रीच्या विजेची वाट बघणाऱ्या विदर्भाला वेगळी ओळ लिहून द्यावी लागणार नाही.

पण हे चित्र कुणाचं, असं विचारा. ‘राजा रविवर्मा’, असं ठोकून उत्तर येतं. साफ चूक! ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. १९४५-४६च्या सुमाराचं, तेही जलरंगातलं. दिवा धरून उभी राहिली ती त्यांची लेक गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. रविवर्मा वारले १९०६ साली. मेलेला माणूस चाळीस वर्षांनी चित्र काढत नाही, एवढा हिशोब तरी करा.

या चुकीचं मूळही सापडतं. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, त्यांची चित्रं घरोघरी भिंतीवर लागली. तेव्हापासून जुनं, देखणं, साडीतलं ते सगळं त्यांच्या नावावर जमा.

कवितेत आपण असे गाफील नव्हतो. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’तल्या विडंबनांना वाचक हसला, कारण मूळ कवी त्याला माहीत होते. चित्रकारांची नावं आपण कधी पाठच केली नाहीत. शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायचा आणि मग मराठी माणसाला चित्रातलं कळत नाही म्हणून हळहळायचं, हे बंद करा.

मुलांना विडंबनच करायला लावा. रविवर्म्यांची शकुंतला पायातला काटा काढायच्या निमित्तानं मागे वळून दुष्यंताला शोधते. तिला महागाव तालुक्यातल्या कापसाच्या वावरात आणा. पाय तसाच उचललेला, मान तशीच वळलेली, नजर मात्र वजनकाट्यावर: आज किती किलो भरले? हे काढण्यासाठी पोरांना मूळ चित्रातली मानेचं वळण, हाताची ठेवण, मैत्रिणींच्या जागा नीट बघाव्या लागतील. व्याख्यानानं जे होत नाही, ते या खोडीनं होईल.

दोन अटी मात्र पाळा. चित्रातल्या बाईला जाड किंवा काळी करून हसू नका. ती टिंगल झाली. टोला मजुरी बुडवणाऱ्याला, वीज तोडणाऱ्याला, खोट्या वजनाला बसला पाहिजे. आणि चित्राखाली मूळ चित्रकाराचं नाव लिहा. ज्याच्या जिवावर हसलो, त्याचं नावही गाळायचं, ही चोरी आहे.