एका कान्याचा फरक

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'भाजी वाढवा.' दवाखाना ते घर या वीस मिनिटांत मी त्यातला एक काना गाळला. बाहेर पाऊसही होता. दारातूनच म्हणालो, "अगं, डॉक्टरांनी भजी वाढवायला सांगितलीत."

हिने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. काना जागेवर आला आणि माळ्यावरचा वजनकाटा ओट्यावर.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं हवीत. मी लगेच हिशेब मांडला. पोह्यांत बटाटा, डब्यात काचऱ्या, संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडा. चारशेच्या वर सहज जातं! पण संघटनेने बटाटा भाजीत धरलेलाच नाही. जो उपासाला धावून येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, अवेळी पाहुणे टपकले की घराची अब्रू राखतो, त्याला जिनिव्हात बसून सरळ नापास केलं आहे.

मग मीच पिशवी घेऊन निघालो. आमच्या डोंबिवलीत पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं. "काका, शेवळं न्या, नंतर मिळायची न्हाईत." ही 'नंतर मिळणार नाही'ची मात्रा मला सदैव लागू पडते. शेवळं घेतली, मेथीच्या तीन जुड्या घेतल्या, शेपू घेतला. कोथिंबीर फुकट मागितली, ती मिळाली नाही.

घरी हिने जमिनीवर पेपर पसरला.

"बसा."

"जेवायला?"

"निवडायला."

बैठ्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला मेथी निवडताना कळतं की बैठं काम म्हणजे काय. कोवळे देठ घ्यायचे, जून टाकायचे. ओळखायचं कसं? वाकवून बघायचं. कट्कन मोडला तर कोवळा. नुसताच वाकला आणि दोरा धरून बसला तर जून. या कसोटीवर मी कुठे बसतो, ते हिने बोलून दाखवलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

शेवळं हा तर फौजदारी मामला. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि भाजीत काकडं, म्हणजे ती आवळ्यासारखी दिसणारी आंबट फळं, घालावीच लागतात; नाहीतर घसा खाजतो. सोलण्याआधी हाताला तेल लावायचं असतं. ही शेवटची माहिती मला खाज सुटल्यावर देण्यात आली.

पूर्वी लोकलच्या जाळीपलीकडे, बायकांच्या डब्यात, मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या, मेथी खुडणाऱ्या बायका रोज दिसायच्या. संध्याकाळची सहा-दहाची गाडी, पाय ठेवायला जागा नाही, आणि यांची बोटं चालूच. मला इतकी वर्षं वाटायचं, विरंगुळा असेल.

सव्वा तासाने मेथीचा डोंगर कढईत गेला. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोंगराची वाटी होताना बघणं वेगळं. मी काट्यावर वाटी ठेवली आणि तक्रार नोंदवली, "वजन निवडण्याआधीचं धरायचं. मातीसकट." अर्ज फेटाळला. ताटात लिंबाची फोड आली, त्याने पालेभाजीतलं लोह अंगी लागतं म्हणे. जेवणानंतरचा चहा मात्र गेला, कारण तो नेमका उलटं करतो.

चव? शेवळांची अप्रतिम. मेथीचीही उत्तम, साडेतीन मिनिटं टिकली. शेपूबद्दल मी मत राखून ठेवतो. तो स्वतःच संध्याकाळपर्यंत ढेकरांतून आपलं मत मांडत होता.

हा सगळा प्रकार होऊन तीन आठवडे झाले. साखर किती उतरली ते पुढच्या तपासणीत कळेल. सध्या घरात दोन जुड्या अंबाडी आणि एक लाल माठ आहे. रविवारी आमच्याकडे जेवायला जरूर या. फक्त बाराला नको, साडेदहाला या. पेपर पसरलेला असेल.