थोरल्याचे बूट, धाकट्याला सूट

युरोपात पोराला बूट घ्यायला गेलेले आईबाप चवडा दाबून बघतात, दुकानभर चालायला लावतात आणि मग बूट उलटा करून चिठ्ठीवरची चित्रे वाचतात. वरचा भाग, अस्तर, तळ कशाचा, हे तिथे १९९४ च्या निर्देशानुसार सांगावेच लागते. पसरलेल्या कातड्याची आकृती दिसली की चामडे अस्सल. ते कमावताना त्याला काय पाजले, याबद्दल चित्र गप्प.

बहुतेक वेळा क्रोमियम सल्फेट पाजलेले असते. त्यातले क्रोमियम-३ तसे गरीब. पण चामड्यातल्या तेलांचे ऑक्सिडीकरण झाले, वर गोदामातली कोरडी ऊब लागली, की त्यातल्या थोड्याचे क्रोमियम-६ होते. म्हणजे कारखान्यातून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेऊन निघालेला बूट कंटेनरमध्ये बिघडू शकतो! तो बिघडू नये म्हणून हुशार टॅनरीवाले क्रोमच्या चामड्याला शेवटी झाडाच्या सालीचा अर्क देतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणाऱ्या कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांना यात नवल वाटायचे कारण नाही.

बिघडलेला बूट घामेजल्या पायात गेला, की पट्ट्याखाली लाल, खाजरे चट्टे उठू शकतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत.

जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २००७ मध्ये सांगितले, की तपासलेल्या ८५० चामडी वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक वस्तूंत क्रोमियम-६ सापडले. त्या देशाने २०१० मध्ये त्यावर बंधन घातले. मग डेन्मार्कने प्रस्ताव मांडला आणि १ मे २०१५ पासून युरोपीय संघभर मर्यादा आली: कोरड्या चामड्याच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. आता हा ३ आला कुठून? पोराच्या पायाकडे बघून नव्हे. प्रमाणित चाचणीला त्याखालचे खात्रीने मोजता येत नव्हते, म्हणून. एवढ्याने नव्या रुग्णांची संख्या कमी करण्यात ८० टक्के यश येईल, असा अंदाज नियमातच नोंदवला आहे. उरलेल्यांनी बहुधा खाजवत नियम वाचावा.

त्यातही एक पोटकलम फार मायाळू आहे. १ मे २०१५ पूर्वीच संघात कुणाच्या तरी पायात गेलेली वस्तू जुनी म्हणून विकायची असेल, तर तिला मर्यादाच नाही. नवा बूट ३ मिलिग्रॅमला पोचला की दुकानातून बाहेर. थोरल्याने त्या तारखेआधी झिजवलेला मात्र दुसऱ्याच्या धाकट्याला खुशाल विका, पावतीसकट.