कितला लागनात?

धुळ्या-जळगावकडे माणूस परदेशातून परत आला की तिकडे काय पाहिलं, हे त्याला फारसं कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "कितला लागनात?" उत्तर देणाऱ्याची मात्र दोन्हीकडून पंचाईत. आकडा मोठा सांगितला तर "एवढ्यात ठिबकसकट दोन-तीन एकर केळी उभी राहिली असती" असं ऐकावं लागतं. लहान सांगितला तर विचारणाऱ्याच्या डोळ्यांत करुणा दाटते. बिचारे उपाशी राहिले असणार!

पन्नाशी उलटल्यावर आम्ही नवरा-बायको पाठीला सॅक लावून स्वित्झर्लंडला गेलो, ते या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देता यावं म्हणूनच की काय, अशी मला अधूनमधून शंका येते. महाग देश म्हटला की आपल्याकडे पहिलं नाव त्याचंच निघतं. फ्रँक तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास, आणि झुरिचमध्ये साधी कॉफी पाच फ्रँकच्या घरात. हॉटेलाबाहेरच्या पाटीसमोर ही नुसती उभी राहिली आणि पुटपुटली, "चार शेवभाज्या, भाकरीसकट." आमच्याकडे हिशेब रुपयांवर थांबत नाही. रुपयांची शेवभाजी होते, शेवभाजीचा कापूस होतो, आणि मग आकडा अंगाला भिडतो. यात लाजण्यासारखं काही नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला, आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा त्याचा शिलालेखही तिथलाच. गणिताला इतकी जुनी सोय करून ठेवलेल्या मुलखातल्या माणसाने कॉफी पिण्यापूर्वी दोन मिनिटं आकडेमोड केली तर बिघडलं कुठे?

खरं तर पाठीवर बोचकं टाकून कमी पैशांत लांब जाणं ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. त्याला बॅकपॅकिंग म्हणतात हे तेवढं उशिरा कळलं. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. चैत्रात सप्तशृंगीच्या वाटेवर आमच्या दोन्ही जिल्ह्यांतले लोक डोक्याला ओला पंचा गुंडाळून चालत असतात. पारा चाळिशीच्या वर, डांबर चपलेला चिकटतंय, आणि अंगावरच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चादर एवढंच. आमचे धुळ्याचे काका हे वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि त्यांनी मुक्कामासाठी कधी कुणाला पैसे दिल्याचं ऐकिवात नाही. कुठे देऊळ, कुठे शाळेचा व्हरांडा, कुठे एखाद्याची ओसरी.

आणि राजवाडे? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, हाताने शिजवून जेवले, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड उभे केले. 1926 साली ते गेले तेही धुळ्यातच. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आज शहरात आहे. पाठीवर कागदांची ओझी घेऊन फिरणाऱ्या माणसाचा जन्मभराचा प्रवासखर्च कुणी काढला तर तो आमच्या एका विमानतिकिटात बसेल असा माझा अंदाज आहे. अर्थात त्यांना व्हिसा लागत नव्हता. त्याची 90 युरो फी भरताना घासाघीस चालत नाही, हे मुंबईला जाऊन आल्यावरही हिच्या पचनी पडलेलं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये आम्ही उतरायचो ते यूथ हॉस्टेलात. एका खोलीत सहा-आठ पलंग, संडास-बाथरूम सामायिक. ही कल्पना कुठून आली हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन मास्तर 1909 साली पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळी पावसात अडकला आणि सगळ्यांनी रात्र एका शाळेच्या वर्गात काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पायी हिंडणाऱ्यांना त्या का देऊ नयेत, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यातूनच 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल निघालं. परत आल्यावर काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. शाळेच्या व्हरांड्यात झोपता येतं, हे समजायला वादळ कशाला पाहिजे, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

तिकडे रेल्वेचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड मिळतं. एकदा पैसे भरा आणि पुढे जवळपास सगळीकडे निम्म्या भाड्यात फिरा. ही पद्धत 1891 पासूनची. मी हे कौतुकाने वाचून दाखवलं तर ही म्हणाली, "मला कार्ड कशाला? मला एसटीत 2023 पासून अर्धंच आहे." एसटीची सवलत आल्प्सच्या अलीकडेच संपते, हे पटवायला स्टेशनवर बराच वेळ गेला. शेवटी कार्ड दोन घेतली. पण बाई असूनही कार्डाचे पैसे मोजावे लागले, ही तक्रार तिने परतीच्या विमानापर्यंत जिवंत ठेवली.

पैशांनी नाही, पण पाण्याने मात्र मला तिथे हलवलं. झुरिच शहरात बाराशेच्या वर कारंजी आहेत. कारंजी म्हणजे दगडी हौद आणि त्यात नळीतून अखंड पडणारी धार. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते, नाहीतर बाटली लावा आणि भरा. दुकानात पाण्याला पैसे, हॉटेलात तर कधी कधी नळाच्या पाण्यालाही पैसे, आणि रस्त्यावर रात्रंदिवस फुकट. ज्याच्या घरी काही दिवसांआड नळ येतो, नळ येणार त्या पहाटे ज्याच्या गल्लीत मोटारींची घरघर सुरू होते, ज्याने तांब्यातलं उरलेलं पाणी कधी मोरीत ओतलं नाही, तुळशीत ओतलं, त्याने अशा धारेपुढे काय करावं? मी व्हिडिओ कॉल लावून आईला ते दाखवलं. मागे जुनी घरं, चर्चचा मनोरा, नदी, बोटी. आईने त्यातलं काहीही पाहिलं नाही. "अरे भाऊ, तो नळ बंद कर ना! बठ्ठं पानी वाया जाई ऱ्हायनं!" याला तोटीच नाही, हे तिला तीनदा सांगितलं. मग ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खाले बादली तरी ठेव."

खाण्याचं आम्ही घरूनच बांधून नेलं होतं. बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, ताज्या फळ-भाजीलाही आडकाठी आहे. जी मोजकी फळं या नियमातून सुटली आहेत त्यांत केळी आहेत, हे वाचून जळगावचा ऊर भरून आला. पण केळी सॅकमध्ये घालून आल्प्स चढण्याचा मोह आवरला. तिथल्या सुपरमार्केटात ती होतीच, आणि बाकी फळांच्या मानाने स्वस्त. मी एक फणी उचलून उलटसुलट पाहिली. स्टिकर इक्वेडोरचा, जात मात्र ओळखीची. रावेर-यावलच्या शेतांत आज बहुतेक जी दिसते ती ग्रँड नैन आणि हे साहेब एकाच कॅव्हेंडिश घराण्यातले. आमच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, असं मी काउंटरवरच्या मुलीला सांगणार होतो, पण मागे रांग होती. दुकान बंद व्हायच्या सुमारास पावांवर, सॅलडच्या डब्यांवर निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात, हा शोध हिने पहिल्याच संध्याकाळी लावला. धुळ्याच्या पाचकंदीलच्या बाजारात दिवेलागणीला भाजी घ्यायला जाणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मात्र खरी परीक्षा झाली. काळा मसाला, भाजून कुटलेलं सुकं खोबरं आणि जाड तिखट शेव घेऊन आम्ही गेलो होतो. तिथे फक्त कांदा-लसूण घ्यायचा. एका ठिकाणी शेगडीशेजारी दोन कोरियन मुली पास्ता उकळत होत्या. हिने तेलात लसूण टाकला, त्यावर कांदा, मग काळा मसाला, आणि धुराची घंटा वाजली. सगळं हॉस्टेल पायजम्यावर अंगणात. व्यवस्थापक आला, खोकला, खिडक्या उघडल्या, पुन्हा खोकला, आणि पातेल्यात वाकून "हे काय आहे?" असं विचारलं. एव्हाना रश्श्याला तवंग आला होता. शेव शेवटी घालायची असते, ताट वाढताना. आधी घातली तर तिचा पिठल्यासारखा लगदा होतो. त्यामुळे सगळे आत येईपर्यंत ही शेवेची पिशवी हातात धरून उभी राहिली. व्यवस्थापकाने दोनदा घेतली. पाव त्याचा, निम्म्या किमतीचा नव्हे.

युंगफ्राऊयोखवर आम्ही गेलो नाही. 3454 मीटरवरचं ते स्टेशनही 1912 चंच, म्हणजे त्या मास्तरच्या हॉस्टेलचं समवयस्क. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन हंगामात दोनशे फ्रँकच्या वर लागतात. आम्ही खालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीत दिवसभर चाललो. श्टाउबबाखची धार तीनेकशे मीटरवरून पडते, आणि बघायला तिकीट नाही. पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरांत नसतं, तासांत असतं. दोन तास पंधरा मिनिटं म्हटलं की तेवढीच लागतात. आपल्याकडे "हे काय, जवळच" म्हणून सांगितलेलं गाव संध्याकाळपर्यंत येत नाही, तरी चालणाऱ्याला उमेद राहते. कोणती रीत चांगली यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही.

परतल्यावर काकांकडे गेलो. "कितला लागनात?" झालंच. आकडा ऐकून ते जरा गंभीर झाले. मग मी पुढचा बेत सांगितला: नॉर्वे. तोही महागच, पण तिथे 1957 चा कायदाच आहे. शेती नसलेल्या मोकळ्या रानात कुणीही तंबू टाकून एक-दोन रात्री फुकट झोपावं, मालकाला विचारावंही लागत नाही. काकांचे डोळे चमकले. अट काही आहे का, म्हणाले. मी म्हटलं, एकच: वस्तीतल्या घरापासून किमान दीडशे मीटर लांब. काकांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि देश निकालात काढला.

"दीडशे मीटर? मंग सकायले च्या कोन देई?"