वादी सरकार, प्रतिवादीही सरकार

सरकारने कोंडलेल्या माणसाचे हाल झाले तर कोर्टात कोणी जायचं? अमेरिकेने १९८० मध्ये उत्तर दिलं: सरकारनेच! राज्याच्या तुरुंगात, मनोरुग्णालयात, गतिमंदांच्या संस्थेत हक्क तुडवले गेले, तर केंद्राने राज्यावर खटला भरायचा. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली, कायदा झाला.

केंद्राचे स्वतःचे तुरुंग मात्र त्यात नाहीत. कुसळ कोणाच्या डोळ्यात आणि मुसळ कोणाच्या, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मुळात कायदा लागला कशाला? मेरीलँडच्या रोझवूड या गतिमंदांच्या संस्थेवरून केंद्र कोर्टात गेलं होतं. खटला भरायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असं म्हणत कोर्टाने दावाच काढून टाकला. आत काय चाललंय, हा मुद्दा निघालाच नाही.

न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या तशाच संस्थेत ४ हजारांच्या जागेत ६ हजार जण कोंबलेले १९६५ मध्ये खुद्द सिनेटर रॉबर्ट केनेडी पाहून आले. संस्था बंद झाली १९८७ मध्ये.

घाई कसली?

नवा कायदाही मोठा अदबशीर. खटल्याआधी राज्याला किमान ४९ दिवसांची नोटीस. एकट्यादुकट्याला मारहाण झाली एवढं पुरत नाही, छळाची रीतच पडलेली दिसली पाहिजे. आणि कैद्याला स्वतःच कोर्टात जायचं असेल तर? आधी तुरुंगातच तक्रार अर्ज द्यायचा. १९९६ पासून तर ते सक्तीचं आहे. मांजराविरुद्धचा अर्ज मांजराकडेच!

आता अलाबामा. या राज्यातल्या पुरुषांच्या तुरुंगांची केंद्राची चौकशी याच कायद्याखाली २०१६ मध्ये सुरू झाली, अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातला एक प्रसंग: एका तुरुंगात दोन कैदी एकाला भोसकत होते आणि दाराशी दोघे पहारा देत होते. तेही कैदीच. क्वचित दिसणारा एखादा रक्षक चुकून फिरकलाच तर कळावं म्हणून! जखमी ओरडत राहिला, रक्त जाऊन मेला. त्याच्या किंकाळ्या झोपेत अजून ऐकू येतात, असं तिथल्या एका कैद्याने चौकशी करणाऱ्यांना सांगितलं.

खटला दाखल झाला डिसेंबर २०२० मध्ये. ४९ दिवस ही किमान मुदत होती, बरं का.

नुसत्या नव्या इमारतींनी हे सुटणार नाही, माणसं कमी आहेत, कारभार सडलाय, असं अहवालाने आधीच बजावलं होतं. मग राज्याने काय करावं? नव्या इमारतींची योजना आखली! २०२१ मध्ये त्यासाठी ४० कोटी डॉलर काढले ते करोना मदतनिधीतून.

तो निधी दिला होता केंद्राने. म्हणजे खटला वॉशिंग्टनचा आणि भिंतींना पैसाही वॉशिंग्टनचाच.