बंदूकवाले नाना

दिंडोरी तालुक्यात दर दोन-चार गावांमागे एक बंदूकवाले नाना सापडतात. बंदूक आजोबांपासून घरात, बारा बोअरची एकनळी. परवाना पीक संरक्षणाचा. पण द्राक्षांचे खरे वैरी भुरी आणि डाऊनी, आणि त्यांच्यावर काडतूस चालत नाही. उसात बिबट्या दिसला की गाव नानांकडे बघतं आणि नाना वनखात्याच्या पिंजऱ्याकडे. कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचं नाव आहे, नानांचं नाही.

शिवाय बंदुकीचा बराचसा मुक्काम पोलीस ठाण्यात. आचारसंहिता लागली की बंदूक जमा. २०१९ साली दसरा आला ८ ऑक्टोबरला आणि विधानसभेचं मतदान २१ ला. शस्त्रपूजेला शस्त्रच घरात नाही. नानांनी ठाण्याची पावती पाटावर मांडली, तिला हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याची पानं ठेवली. पावतीवरचा शिक्का अजून लाल आहे.

व्यवहारात मात्र नाना पक्के. व्यापारी माल नेतो आणि पैसे बुडवतो, हे नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. २०२० मध्ये विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांना या वसुलीची मोहीमच काढावी लागली होती. व्यापाऱ्याचं आधार कार्ड, गाडीचा नंबर, त्याच्या गावच्या सरपंचाचा फोन आणि रोख इसार हातात पडल्याशिवाय नाना घडाला कात्री लावू देत नाहीत. अशा माणसाला फसवायचं तर त्याच्या समोर यायचंच नाही, हे मोबाइलवरच्या भामट्यांनी बरोबर ओळखलंय.

शस्त्र परवाना आता तीनाऐवजी पाच वर्षांचा झाला, तरी कलेक्टर कचेरीच्या खेपा काही चुकत नाहीत. त्याला कंटाळून नानांनी बंदूक विकायला काढली. जाहिरात टाकली द्राक्ष बागायतदारांच्या फेसबुक ग्रुपवर. वर 'घडकूज आहे, उपाय सांगा', खाली 'जुना ब्लोअर देणे आहे' आणि मधोमध नाना. फोटो थोरल्याच्या लग्नातला, डोक्याला फेटा, खांद्यावर बंदूक. सोबत परवान्याचं पहिलं पान, नंबरासकट. म्हणजे भामट्याला पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला कागदही आयताच.

लगेच फोन. "जय हिंद! देवळाली कॅम्पवरून बोलतोय." देवळाली म्हणजे तोफखान्याचं गाव. तोफा सोडून फौजीला आपली एकनळी कशाला हवी, हे नानांच्या मनातही आलं नाही. गणवेशातला फोटो आला, कँटीनचं कार्ड आलं. आणि किंमत? नानांनी सांगितली तीच कबूल. जिथे कोथिंबिरीच्या जुडीवर पाच मिनिटं घासाघीस चालते, तिथे हे! "माणूस खानदानी दिसतो," नाना म्हणाले.

मग तो चौकोनी कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.

सूनबाईंनी मोबाइल काढून घेतला. "नाना, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो."

"अगं, फौजी आहे तो!"

"मग त्यांना दिंडोरीच्या ठाण्यात बोलवा ना. तिथं कागदही होतील आणि पैसेही रोख घेऊ."

ठाण्याचं नाव निघालं आणि फौजी तडक सीमेवर गेला. फोन आजतागायत बंद आहे.

नाना निदान परवानेवाले. त्यांच्या भावकीतल्या पोरांना परवानाच नको असतो, थेट पिस्तूल हवं असतं. चोपड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशाच्या हद्दीतलं उमर्टी गावठी कट्ट्यांसाठी बदनाम आहे. 'उमर्टीचा माल, घरपोच' असं कुणी इन्स्टावर टाकलं की पोरगा आगाऊ रक्कम पाठवून मोकळा. माल येत नाही, येतो दुसरा फोन: "क्राइम ब्रँचमधून बोलतोय, प्रकरण मिटवायचं का?" की पुन्हा पैसे. तक्रार कुठे करणार? विनापरवाना हत्यार घ्यायला निघालो होतो, हे आधी सांगावं लागतं. या धंद्याचं भांडवल पिस्तूल नव्हेच, गिऱ्हाइकाचं बंद तोंड.

नाना मात्र तोंड बंद ठेवणाऱ्यातले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात हजर.

"नाना, आधी त्या फौजीचा नंबर १९३० वर कळवा," हवालदार म्हणाले. "परवान्याचा फोटो ग्रुपवरून काढा. आणि विकायचीच तर घेणाराही परवानेवाला पाहिजे. त्याचं नाव-पत्ता आम्हाला लेखी द्या, त्यानंतर किमान ४५ दिवस थांबा. मग सौदा."

"४५ दिवस? साहेब, तेवढ्यात भाव पडला तर?"

"बंदुकीचा भाव द्राक्षागत नाही पडत. बरं, बंदूक घेऊन या एकदा, नंबर ताडून बघू."

"मी कुठून आणू?" नाना म्हणाले. "विधानसभेला जमा केली, ती न्यायचीच राहिली. तुमच्याच कपाटात आहे. नाहीतर लग्नातला फोटो कशाला टाकला असता?"