आचंद्रार्क वकील

मालगुंडात वकील म्हटला की त्याच्या अंगावर काळा कोट, काखेत सातबारा आणि जिभेवर पुढची तारीख असायला हवी. आमच्या भाऊकडे यातलं काहीच नाही. तो मुंबईला लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत बसतो. सनद मिळाली त्या दिवशी मित्राचा कोट घातला, तेवढाच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण कसोशीने पाळणारा पंचक्रोशीतला तो एकमेव वकील.

"मुलगा टीएमटी बघतो," असं त्याच्या वडिलांनी अभिमानाने सांगितलं, तेव्हा स्लॅब टाकायला निघालेल्या शेजाऱ्याने सळईचा भाव विचारला. टेक्नॉलॉजी, मीडिया, टेलिकॉम असा खुलासा झाल्यावर तो जास्तच गोंधळला. खरं तर काम सोपं आहे. सिनेमा, वेब सिरीज, गाणी, अ‍ॅप, ब्रँडची नावं, म्हणजे ज्याला ज्याला हात लावता येत नाही ते ते विकायचं, विकत घ्यायचं किंवा भाड्याने द्यायचं, आणि त्याचे कागद भाऊने करायचे.

या कागदांनी त्याची बोली पार बदलली. जेवायला येतोस का, असं विचारलं तर तो "तत्त्वतः हो" म्हणतो. आईने घावन्याबरोबर चटणी वाढली की आधी चटणीची व्याख्या मागतो: ओल्या खोबऱ्याची, लसणीची, की दोन्ही? चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला जाण्याआधी त्याच्याकडे नजरेखालून घालायला दिली, तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' याच्यापुढे लाल शेरा आला: 'श्रीकृपा न झाल्यास जबाबदारी कोणाची?'

त्याच लग्नात वरातीच्या बँडवाल्याला कोणीतरी भीती घातली होती, की सिनेमाची गाणी वाजवलीस तर नोटीस येईल. भाऊने कलम ५२ काढून दाखवलं. धार्मिक विधीत वाजवलेलं गाणं हा कॉपीराइटचा भंग नव्हे, आणि कायद्याने त्यात लग्नाची वरातही धरली आहे. बँड जोरात सुटला. गावाला भाऊचा उपयोग पहिल्यांदाच कळला. भाऊ मात्र हिरमुसला होता, कारण परवानगीच लागत नाही म्हटल्यावर करार कसला करणार?

हापूसच्या बाबतीतही तेच झालं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावाच्या पेटीत बसतो, त्याला आता आळा घालता येईल म्हणून बागायतदार मोठ्या आशेने भाऊकडे आले. त्याने कायदा उघडला, कलम २४ वर बोट ठेवलं आणि चेहरा पाडला. "हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणसुद्धा टाकता येत नाही." असल्या हक्कात भाऊला राम वाटेना. आंबा मात्र त्याने खाल्ला.

पाहुणे आले की तो त्यांना केशवसुतांच्या जन्मघरी नेतो. पाहुणे आधुनिक मराठी कवितेच्या जनकाला हात जोडतात आणि भाऊ बोटांवर हिशेब करतो. "१९०५ साली गेले. जुन्या कायद्याने पुढे पन्नास वर्षं. म्हणजे १९५५ सालीच मोकळे. आता साठ असतात." त्या बुडालेल्या दहा वर्षांची हळहळ त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

कायद्याची कलमं त्याला अशी तोंडपाठ, पण परड्यातली आंब्याची कलमं आपली कोणती आणि काकांची कोणती, ते त्याला अजून सांगता येत नाही. गावाचं नेमकं उलट आहे. वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवतील, पण स्वतः रचलेलं गाणं मागेल त्याला देऊन मोकळे होतील.

परवाच्या गणपतीत हे दोन टोकांचे लोक समोरासमोर आले. आमचे तात्या जाखडीचे शाहीर. त्यांच्या एका गाण्यासाठी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने बावीस पानी करार धाडला होता. भाऊ वाचता वाचता खुलत गेला. "वा! काय बांधलंय! संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत!"

"विश्वात म्हणजे चंद्रावर पण?" तात्यांनी विचारलं.

"हो."

"तिथे घुंगरू बांधून जाणार कोण?"

भाऊने उत्तर टाळून कलम १९ समजावलं. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर तो संपला. गाणं पुन्हा ज्याचं त्याचं.

तात्यांचे डोळे चमकले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने त्यांच्या वडिलांना जमिनीचं मालक केलं होतं. "अरे, हा तर कूळकायदा! कसेल त्याचं गाणं!"

कॉपीराइटचा कायदाही १९५७ चाच, हे भाऊच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "पण तात्या, करारात वेगळं लिहिलं नसेल तरच."

"आणि वेगळं कोण लिहितो?"

"आम्हीच."

"म्हणजे तू खोताचा कारकून!"

भाऊ रात्रभर ओटीवर बसला आणि बावीस पानांचं एक पान केलं. गाणं फक्त यूट्यूबवर, मुदत तीन वर्षं, उत्पन्नात वाटा, शाहीर म्हणून तात्यांचं नाव ठळक. एवढं थोडं लिहायला त्याला किती यातना झाल्या, ते त्याच्या आईला विचारा. चार वेळा चहा लागला.

सकाळी तात्यांनी चष्मा लावून पान वाचलं, मान डोलावली आणि सही करण्याआधी खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: 'चंद्रावर प्रयोग ठरल्यास जाण्यायेण्याचं भाडं कंपनीचं. ढोलकीवाल्यासकट.'

भाऊने ती ओळ तीनदा वाचली. पळवाट सापडली नाही.