मार्शसाहेबांची फेरतपासणी

नसलेली शिस्त दिसणारी माणसं आपल्याला रोज भेटतात. ढगात घोडा, भिंतीच्या ओलीत गणपती, शेअरबाजारात नियम. शास्त्रज्ञ घसरले तर तेही याच बाजूला घसरत असतील, असं कुणालाही वाटेल. स्फटिकांच्या जगात मात्र उलटा कारभार. तिथे असलेली शिस्त नजरेतून सुटते, आणि तिच्या जागी सिद्धान्त उगवतो.

नवं संयुग हाती आलं की रसायनशास्त्रज्ञ त्याचा स्फटिक क्ष-किरणांपुढे धरतो. अणूंची नक्षी बसवायला २३० स्पेस ग्रुप, म्हणजे सममितीचे साचे, आहेत. फेडोरोव्ह आणि शोनफ्लिस यांनी १८९१ सालीच ही यादी पुरी केली. त्यातला एक निवडायचा. पण ‘सीसी’ आणि ‘सी-टू-बाय-सी’ हे दोघे महा बिलंदर. क्ष-किरणांच्या चित्रात दोघांचे गैरहजर ठिपके अगदी सारखे. फरक एवढाच की दुसऱ्यात एक सममितिकेंद्र जास्त असतं; अर्धी रचना कळली की उरलेली अर्धी फुकट मिळते.

घाईतला माणूस पहिला निवडतो. मग चाळीतल्या समोरासमोरच्या, एकाच मापाच्या दोन खोल्या मिस्त्रीने सैल टेपने वेगवेगळ्या मोजाव्यात, तसं होतं. एक फुगते, दुसरी आक्रसते. सारखे असायला हवेत अशा दोन बंधांपैकी एक लांब निघतो, एक आखूड. विद्वान माणूस अशा वेळी टेपवर संशय घेत नाही. तो या लांब-आखूडपणाचं इलेक्ट्रॉनी कारण शोधतो, आणि ते चांगलं पटण्यासारखंही असतं!

कॅलटेकच्या रिचर्ड मार्श यांची नजर नेमकी इथे जायची. लोकांच्या छापून आलेल्या रचना घ्यायच्या, आकडे पडताळायचे, राहून गेलेली सममिती काढून दाखवायची. व्हर्नर शोमाकर यांच्या जोडीने त्यांनी ‘इनऑर्गॅनिक केमिस्ट्री’ या नियतकालिकाच्या सोळाव्या खंडातले चुकलेले स्पेस ग्रुप वेचले. १९७९ मध्ये तो लेख छापला कुणी? त्याच नियतकालिकाने. त्या संपादकांना माझा साष्टांग नमस्कार. पुढे स्फटिकवाल्यांत एखादा लेखक ‘मार्श झाला’ असंच म्हणू लागले.

सममिती परत घातली की लांब बंध आखडतो, आखूड ताणतो, दोघं नेहमीच्या मापावर येतात. त्यांच्यासाठी रचलेलं स्पष्टीकरण मात्र तोवर बांधणी होऊन ग्रंथालयात बसलेलं असतं.

आता ही पहारेदारी संगणकाकडे आहे. उट्रेख्तच्या टोन स्पेक यांचा ‘प्लॅटन’ हा प्रोग्रॅम सुटलेली सममिती हुडकतो, आणि लेख छापण्याआधी ‘चेकसिफ’ नावाच्या तपासणीत ए, बी, सी अशा प्रतींचे ताशेरे मिळतात. त्यात ‘ए’ सगळ्यांत वाईट. शाळेत ‘अ’ श्रेणीसाठी रात्री जागवलेली मुलं पीएच.डी.ला येतात आणि ‘ए’ टाळण्यासाठी रात्री जागवतात. तरी तो आलाच, तर संपादकांना लेखी खुलासा द्यावा लागतो.